पोटातली शिट्टीवाली

माझा मामा इस्पितळात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांची हाडं बघून घरी आला की हातपाय धुतो, स्टूल ओढतो आणि काचेच्या कपाटासमोर ठाण मांडून बसतो. त्या कपाटात सुपरहिरोंच्या सिनेमांतल्या धातूच्या चिमुकल्या मूर्ती आहेत. एकेक मूर्ती करंगळीच्या पेराएवढी. कुणी उडतोय, कुणी इमारत उचलतोय, कुणी नुसताच कमरेवर हात ठेवून जगाकडे रागानं बघतोय. मामी त्यांना 'तुमची चिल्लीपिल्ली' म्हणते.

हे खूळ माझ्यामुळे लागलं असं घरात मानतात. मी लहान असताना मामा मला एका सुपरहिरोच्या सिनेमाला घेऊन गेला होता. मी मध्यंतरापर्यंत झोपून गेले आणि मामानं शेवटपर्यंत पापणी हलवली नाही. बाहेर पडल्यावर त्यानं मला एक मूर्ती घेऊन दिली. घरापाशी आल्यावर मात्र माझ्यासमोर उकिडवा बसून अगदी हळूच विचारलं, "तुला हवीच आहे का गं ही?"

तेव्हापासून मामा जमवत सुटला. त्या सिनेमातली अख्खी पलटण त्याच्याकडे होती, पण एक मिळत नव्हती. तिचं नाव शिट्टीवाली. तिनं शिट्टी वाजवली की धावती गाडी, सुटलेली गोळी, कोसळता धबधबा, सगळं जागच्या जागी थांबायचं. तिचा स्वतंत्र सिनेमा आला तो लोकांना कळायच्या आत थिएटरांतून गेलासुद्धा, त्यामुळे तिच्या मूर्तीही मोजक्याच निघाल्या. मामानं जुनी खेळण्यांची दुकानं पालथी घातली. हात मोडून आलेल्या पोरांना, हात कसा मोडला हे विचारायच्या आधीच तो विचारायचा, "तुझ्याकडे शिट्टीवाली आहे का रे?"

आणि मग एके दिवशी सकाळी एक प्लंबर धापा टाकत एक्स-रेच्या खोलीत शिरला. अंगावर कामाचे कपडे, खिशात पाना, कडेवर अडीच-तीन वर्षांची मुलगी. मुलगी मजेत पाय हलवत होती. रडवेला झाला होता तो बाप.

"साहेब, हिनं काहीतरी गिळलंय. एकांच्या मोरीच्या पाइपात मला एक लोखंडी बाहुली सापडली होती, ती धुऊन हिला दिली. आता विचारलं कुठे आहे, तर पोट दाखवते."

मामानं मुलीला उभं केलं, गप्पागोष्टी करत फोटो काढला आणि पडद्याकडे बघितलं. करड्या पोटाच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आकृती उभी होती. एक गुडघा वर उचललेला, वेणी वाऱ्यावर उडालेली आणि दोन बोटं तोंडात.

"सापडली!" मामा ओरडला. "अहो, सापडली! हीच ती!"

प्लंबरला वाटलं, पोर वाचली. त्यानं मामाला घट्ट मिठी मारली. मामानंही त्याला मारली. दोघं तिथल्या तिथे उड्या मारायला लागले. मुलगी बघत होती, तीही मारायला लागली. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"काका, काय चाललंय हे?"

"शिट्टीवाली आहे, मॅडम! पोटात!"

डॉक्टरीणबाईंनी फोटो नीट बघितला, मुलीचं पोट दाबून बघितलं. मूर्ती गुळगुळीत होती, कुठे अडकलेली नव्हती. "आपोआप बाहेर पडेल," त्या म्हणाल्या. "भरपूर पाणी द्या, लक्ष ठेवा. पोट दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच घेऊन या. आणि काका, तुम्ही जरा बाहेर जाऊन पाणी प्या."

बापाचा जीव भांड्यात पडला. "अडकलेलं बाहेर काढणं हा माझा धंदाच आहे," तो म्हणाला, "पण स्वतःच्या पोरीच्या बाबतीत हातपायच गळाले बघा."

मामा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. खूप वेळ घुटमळला. शेवटी कानकोंडा होऊन म्हणाला, "ती बाहेर आली की... म्हणजे मुलगी बरी आहे एवढं कळवाल ना?"

पुढचे दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. मामा जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचा, "आता कुठवर आली असेल?"

"जेवताना नको हो!" मामी कपाळावर हात मारायची. पण दुपारी इस्पितळात मामाला फोन करून तीच विचारायची, "काही कळलं का हो?"

फोन आला तेव्हा मामा एका आजोबांच्या गुडघ्याचा फोटो काढत होता. पलीकडून प्लंबर एकच शब्द ओरडला, "आली!" मामानं आजोबांचेच दोन्ही हात धरून हलवले. आपला गुडघा बरा झाला असं समजून आजोबाही खूश झाले.

रविवारी बापलेक मामाकडे आले. मीही मुद्दाम गेले होते. शिट्टीवाली एका डबीत, कापसावर. साबणानं धुतलेली, उकळलेली, पुसलेली, नुसती चमकत होती. मामानं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. कपाट सताड उघडून तो मुलीला म्हणाला, "यातलं तुला काय हवं ते घे. दोन घे. चार घे! बाबांकडेच ठेवायचं हं पण, तोंडात नाही घालायचं. आणि मला ही दे."

मुलीनं अख्ख्या पलटणीवरून नजर फिरवली. "नाय," ती म्हणाली आणि डबी छातीशी धरली.

"इमारत उचलणारा देतो."

"नाय."

"अगं, हा बघ, याचे डोळे अंधारात चमकतात!"

"माझी शिट्टीवाली. ती शिट्टी वाजवते. तू वाजव."

मामानं दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. नुसती हवा आली, थोडी थुंकी आली. प्लंबरनं प्रयत्न केला, त्याची फुस्स झाली. मी केला. मुलगी आमच्याकडे बघून खिदळत जमिनीवर लोळायला लागली.

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मामी आली. तिनं आमचे फुगलेले गाल बघितले, ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, दोन बोटं जिभेखाली दुमडली आणि अशी शिट्टी मारली की कपाटाच्या काचा थरथरल्या. रस्त्यावर एक सायकलवाला ब्रेक लावून थांबला. समोरच्या बाल्कनीतली बाई ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली.

मामाचं तोंड उघडंच. "अगं, तू? हे कधी शिकलीस?"

"शाळेत. पोरांच्या मॅचला आम्ही मुली भिंतीवर बसायचो ना." मामीचे गाल लाल झाले होते. "तुम्ही कधी विचारलंत?"

मुलगी उठली. मामीच्या पुढ्यात जाऊन तिनं मान वर करून तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग डबी उघडली आणि शिट्टीवाली मामीच्या तळहातावर ठेवली. "तू घे. तुझी आहे."

"अगं, मला कशाला? ते काका बघ, किती..."

"काकांना येत नाय," मुलगी म्हणाली, आणि विषय संपला.

आता शिट्टीवाली स्वयंपाकघरात, मामीच्या खिडकीत उभी असते. कपाटात जागा रिकामी आहे, मामानं खूप विनवण्या केल्या, पण मामी बधत नाही. "मला बक्षीस मिळालंय ते," म्हणते आणि ताठ मानेनं कणीक मळत राहते. मामा रोज सकाळी चहाच्या निमित्तानं आत जातो, भिंग डोळ्याला लावून दहा मिनिटं तिची वेणी बघतो. रविवारी प्लंबर मुलीला घेऊन येतो, मग मामी दोघांची शिकवणी घेते. मुलीला आता बारीकशी शिट्टी जमायला लागलीय. मामाची अजून हवाच निघते. पण परवा त्याचा फोन आला तेव्हा तो हर्षवायू झाल्यासारखा हसत होता. म्हणाला, "अगं, आज किंचित आवाज आला! मामीला विचार हवं तर! नाही म्हणते ती, पण आला!"