बाबा एकदाचे घोड्यावर बसले

इतरांचे बाप बाईच्या नादाने घर सोडतात, आमचा घोड्यांच्या नादाने गेला. म्हणजे घोडा पाळला, त्याला खरारा केला, असलं काही नाही. रेस. पुण्याचा सीझन संपला की मुंबई, मुंबईचा संपला की बेंगळुरू, उन्हाळ्यात उटी, असं हिंडता हिंडता मी दहावीत असताना हा माणूस चेन्नईला पोचला आणि तिथेच राहिला. आईने पहिलं वर्ष रडून काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांचे सगळे शर्ट बोहारणीला देऊन एक मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, आणि तेव्हापासून ती ठणठणीत आहे.

घोड्यांबद्दल बाबांना काय माहीत नव्हतं? कुठल्या घोड्याचा बाप कोण, आई कोण, ओल्या मैदानावर कोण पळतो, कोणाच्या गुडघ्यात दोष आहे, सगळं तोंडपाठ. मी कितवीत आहे ते मात्र आईला विचारावं लागायचं. आणि गंमत म्हणजे हा माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. दारात घोडा आल्यावर नवरदेव त्याचे दात तपासत बसले आणि मुहूर्त टळायची पाळी आली, शेवटी मामाने त्यांना रिक्षात कोंबलं, असं आई सांगते.

पुढे माझीच बदली चेन्नईला झाली. अंबत्तूरला ब्रेकचे भाग बनवणारा कारखाना आहे, तिथे मी मालाची तपासणी करते. निघताना आई म्हणाली, "त्या गावात एक माणूस राहतो. दिसला तर रस्ता ओलांड." चेन्नईत रस्ता ओलांडणं हे जिवावरचं काम आहे, त्यामुळे मी त्या माणसाला न भेटण्याचा सोपा मार्ग पत्करला. तीन वर्षं एका शहरात राहून आम्ही एकमेकांना बघितलं नाही. मला त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं.

मग डिसेंबरात वादळ आलं आणि चेन्नई नेहमीसारखी बुडाली. पाऊस थांबला त्या सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून एक बाई तमिळमध्ये ओरडत होती. माझं तमिळ कारखान्यातलं आहे, त्यात नटबोल्ट आणि शिव्या भरपूर, बाकी बेताचंच. त्यातून कळलं ते असं, की ती वेळचेरीची घरमालकीण होती, माझे अप्पा, म्हणजे बाबा, तिच्याकडे भाड्याने राहतात, त्यांची डायलिसिसची एक वेळ वादळात चुकली होती आणि आज दुसरी चुकणार होती. तोंड सुजलंय, आडवं झालं की धाप लागते म्हणून रात्रभर बसूनच आहेत. बोट आली होती, ती बाळंतिणींना घेऊन गेली ती गेलीच.

बापाला डायलिसिस लागतं हे मला असं कळलं.

"नंबर त्यांच्या वहीत होता, पण त्यांनी तुम्हाला फोन करायला नको म्हटलं होतं," बाई म्हणाली. "मी कशाला ऐकतेय?"

डायलिसिसचं सेंटर वेळचेरीच्या फ्लायओव्हरच्या अलीकडे, कोरड्या भागात होतं. तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जनरेटर चालू आहे, मशीन मोकळं आहे, आजच आणा. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडतं, ते उद्यापर्यंत थांबत नाही. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून पाच मिनिटं स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटली. हा माणूस मेला तरी मला काही वाटणार नाही, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. आणि आता मी चपला शोधत होते. त्याचा मला इतका संताप आला की विचारू नका.

मेट्रो सुरू होती. उतरून वेळचेरीच्या फ्लायओव्हरपर्यंत चालत गेले. वादळ येणार म्हटलं की तिथले लोक आपापल्या गाड्या पुलावर आणून लावतात, त्यामुळे पुलावर दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग होती. त्या रांगेत एका पांढऱ्या मोटारीच्या आणि एका पाण्याच्या टँकरच्या मधे, कठड्याला बांधलेला, एक घोडा उभा होता. अंगावर लाल मखमलीचं खोगीर, गळ्यात घुंगरं, डोक्यावर भिजून लोळागोळा झालेला नारिंगी तुरा. मरीना चौपाटीवर वाळूत पोरांना फेरी मारून आणणारा घोडा. शेजारी त्याचा मालक टपरीवरचा चहा पीत बसला होता.

पुलाचा पलीकडचा उतार थेट पाण्यात जात होता. बोटीचं नाव नाही. मी घोड्याकडे बघितलं, मालकाने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच तो नाही म्हणाला.

मी विनवलं, तो नाही म्हणाला. कारखान्यातलं तमिळ वापरलं, त्याला हसू आलं, पण तरी नाहीच. मग मी गल्लीचं नाव सांगितलं तेव्हा तो जरा सरळ बसला. त्याचं घर त्याच गल्लीत होतं आणि गच्चीवर त्याच्या कोंबड्या वादळापासून उपाशी होत्या. बापाचा जीव नाही, कोंबड्या कामी आल्या.

"माणूस जाड आहे का?" त्याने विचारलं. "घोडा म्हातारा आहे."

"माहीत नाही," मी म्हणाले. "शेवटचं बघितलं तेव्हा बारीक होता."

तो पुढे बांबूने तळ चाचपत, हातात दोरी. मी वर, खोगिराला पाल चिकटावी तशी चिकटलेली. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं. बाल्कनीतले लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. कोंबड्यांना दाणे टाकून झाले आणि आम्ही बाबांच्या इमारतीशी पोचलो. खालच्या मजल्यावरची त्यांची खोली पाण्यात होती. जिन्याच्या वळणावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, लांब बाह्यांचा शर्ट घालून ते बसले होते. चेहरा इतका सुजलेला की डोळे शोधावे लागत होते.

मी या क्षणासाठी एक भाषण तयार ठेवलेलं होतं. वर्षानुवर्षं आंघोळ करताना घासून पुसून लख्ख केलेलं. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खाली बघत होते, घोड्याकडे.

"पुढचा डावा पाय अधू आहे," ते धापा टाकत म्हणाले. "याचा बाप कोण?"

"आधी माझा कोण ते सांगा," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "अगं, तू आलीस?" म्हणाले आणि रडायलाच लागले. सुजलेल्या तोंडाने, नाक ओढत, लहान पोरासारखे. माझं भाषण बोंबललं. मी म्हणाले, रडणं नंतर, आधी बसा.

जिन्याच्या कठड्यावरून त्यांना घोड्यावर घ्यायला घरमालकीण, घोड्याचा मालक आणि मी, तिघं लागलो. बाबा पुढे, मी मागे. अंगात बसायचं त्राण नव्हतं, डावीकडे कलंडत होते, म्हणून एक हात मी त्यांच्या कमरेभोवती घातला आणि दुसऱ्याने त्यांचा डावा दंड कोपराच्या वर घट्ट धरला. ते जरा दचकले. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी शिट्टी मारून "माप्पिळ्ळै" म्हणून ओरडलं. म्हणजे नवरदेव. बाबांनी उजवा हात वर करून सलाम केला. लाज म्हणून नाही या माणसाला.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याला ओढ होती. कोणाकोणाच्या घरातलं सामान आमच्या बाजूने वाहत चाललं होतं. आणि बाबांनी, श्वास पुरत नसताना, रेसची कॉमेंटरी सुरू केली. "आघाडीवर निळा ड्रम. त्याच्या मागे गॅसचं सिलिंडर. आणि बाहेरच्या बाजूने, बघा, बाहेरच्या बाजूने खुर्ची मुसंडी मारतेय."

"गप्प बसा. दम लागतोय."

"बोल, कोण?"

"ड्रम," मी म्हणाले. तोंडातून गेलं कसं कोणास ठाऊक.

"खुर्ची," बाबा म्हणाले. "ड्रमला दम नाही."

खुर्ची विजेच्या खांबाला अडकून पडली. ड्रम गेला सरळ, वळणापलीकडे. या माणसाला पाण्यातसुद्धा धड एक जिंकणारा ओळखता आला नाही. मला इतकं हसू फुटलं की मीच पडले असते. तेही हसत होते. त्यांची पाठ माझ्या पोटाला लागून हलत होती आणि मला एकदम आठवलं की स्कूटरवर मी अशीच त्यांच्या मागे बसायचे. नको ते आठवतं माणसाला, नको त्या वेळी.

तेवढ्यात मालक नाहीसा झाला. झाकण निघालेल्या गटारात त्याचा पाय गेला आणि तो गळ्यापर्यंत आत. एका फाटकाचे गज त्याच्या हाताला लागले म्हणून वाचला, पण दोरी सुटली. घोडा बुजला, वळला आणि आम्हाला घेऊन भलतीकडे, खोल पाण्यात शिरला. पाणी माझ्या मांड्यांवर चढलं. खालून पाय गेल्यासारखं झालं आणि मला कळलं की घोडा आता पोहतोय. डावीकडे एक वायर पाण्यात लोंबत होती. तिच्यात वीज होती की नव्हती, आजही मला माहीत नाही. मी किंचाळले, "लगाम ओढा, ओढा ना!"

लगाम बाबांच्या उजव्या हातात होता. त्यांनी तो ओढला नाही, सैल सोडला. "मान मोकळी पाहिजे त्याला," म्हणाले. "ओढलं की बुडेल. तू फक्त मला धर."

मी धरलं. जीव खाऊन धरलं. नखं रुतली असतील इतक्या जोरात त्यांचा दंड आवळला आणि त्यांच्या पाठीत तोंड खुपसून देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी त्यांनाच शिव्या घालत राहिले. आईचं पहिलं वर्ष, माझी दहावी, त्यांच्याविना झालेलं माझं लग्न, त्याच क्रमाने, काही सोडलं नाही. ते मधूनमधून "हं" म्हणत होते. मग घोड्याच्या पायांना तळ लागला, एक हिसका बसला, आणि पुढे पुलाचा उतार दिसायला लागला. बाबांचं घोड्यांचं ज्ञान कामी आलं की वर टँकरपाशी ठेवलेली गवताची पेंढी, हे घोड्यालाच विचारावं लागेल. मागून मालक कमरेएवढ्या पाण्यातून घोड्याच्या नावाने टाहो फोडत येत होता. आम्ही जिवंत आहोत का हे त्याने विचारलं नाही, पण घोड्याचे चारही पाय दाबून बघितले.

पुलावरून एका रिक्षावाल्याने आम्हाला सेंटरला सोडलं. तिथेही मी त्यांचा दंड सोडलेला नव्हता. मशीन जोडायला आलेल्या टेक्निशियन बाईने मला बाजूला केलं, बाबांची डावी बाही वर केली आणि थबकली. कोपराच्या आसपास शिरा दोरखंडासारख्या टरारून वर आलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझ्या बोटांचे लालभडक वळ उठलेले होते.

"हा हात कोणी धरला?"

मी सांगितलं, मी.

ती माझ्यावर अशी उखडली की माझी कारखान्यातली शब्दसंपत्ती फिकी पडावी. या हातातली शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते, मशीनच्या सुया इथेच जातात. या हातावर घड्याळ चालत नाही, पिशवी अडकवायची नाही, या कुशीवर झोपायचंसुद्धा नाही. दाबली गेली आणि रक्त गोठलं तर शीर बंद. मग सुई कुठे घालू, तुझ्या डोक्यात? एवढं बोलून तिने शिरेवर बोटं ठेवली. कपाळाला आठी घातली. बोटं सरकवली. मग स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. एवढ्या पाण्यातून ओढून आणलेल्या माणसाला मीच मारलं होतं.

"चालू आहे," ती शेवटी म्हणाली. "नशीब."

सुया टोचल्या, मशीन घरघरायला लागलं, नळ्यांतून बाबांचं रक्त फिरायला लागलं. ती गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच सांगतात."

"मग बोलला का नाहीत? सगळ्या जगाबद्दल बोलत होतात. ड्रम, खुर्ची, घोड्याचा बाप. एवढं एक वाक्य जड झालं?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर तू हात काढला असतास."

मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभर घोड्यांवर लावलंत ते पुरलं नाही, म्हणून आता जीवच लावलात का, अक्कल गहाण टाकलीय का, असं बरंच काही. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बोलता बोलता मला रडू यायला लागलं तशी मी उठले, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले आणि स्टूल ओढून त्यांच्या उजवीकडे बसले.

"हा चालतो," बाबा हळूच म्हणाले आणि उजवा हात चादरीवर उताणा ठेवला.

"तोंड बंद ठेवा," मी म्हणाले आणि तो धरला.