मांडव मी पाडला

अळणावरहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा सव्वापाच वाजले होते. तो तिथे लाकडाच्या वखारीत काम बघतो. मागे पत्र्यावर बडवल्यासारखा आवाज चालू होता, म्हणून तो ओरडून बोलत होता.

“अक्का, गारा पडालेत! लिंबाएवढ्या! वखारीचे दोन पत्रे फुटले. वारं तुमच्याच अंगाला आहे, तासाभरात येतंय बघ धारवाडात. आज मांडव कुठं घातलायस?”

“बेलूरच्या कारखान्यांच्या पुढं.”

“मग उतरव की लगेच.”

मी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. समोर सहाशे खुर्च्यांचा मांडव होता. गोरज मुहूर्त, सहा वाजून बेचाळीस मिनिटांचा. पुढची पंचवीस मिनिटं मी कुणाला काही सांगितलं नाही. का, ते आधी सांगते.

आमचा धंदा मांडवाचा. खांब, कापड, खुर्च्या, भांडी. नवऱ्याची पाठ गेल्यापासून सोळा वर्षं मीच बघते. मी वर चढत नाही, पण दोर कुठे सैल आहे ते मला खालून कळतं. मोठ्या मुहूर्ताला हुबळी-धारवाडात कुणा एकाचा माल पुरत नाही, म्हणून आम्ही एकमेकांचा माल आणि माणसं घेतो. त्या दिवशीचं काम हुबळीच्या एका मोठ्या कंत्राटदाराचं होतं. त्याने मला फक्त लॉनचं नाव सांगितलं होतं. कमानीवर फुलांत लिहिलेलं आडनाव वाचलं तेव्हा कळलं, लग्न कुणाचं आहे.

त्यांचं सुभाष रोडवर कापडाचं दुकान. तीन वर्षांपूर्वी याच मुलासाठी त्यांनी माझी मुलगी पसंत केली होती. साखरपुड्याची तारीख धरायला घरी आले, बोलणं झालं, पोहे झाले, आणि निघताना मुलाचे आजोबा आमच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. पायरी पावसाने ओली होती आणि आजोबा कुणाला हात धरू देत नव्हते. चार दिवसांनी निरोप आला, योग दिसत नाही. तेवढ्यावर मी काही बोलले नसते, नकार येतात. पण मुलाच्या आईने गावभर सांगितलं की पोरगी पांढऱ्या पायाची आहे, घरात यायच्या आधीच म्हाताऱ्याला आडवं केलं. दुकानात ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बायकांना सांगितलं, कापड मोजता मोजता. पुढची दोन स्थळं ते ऐकून परत गेली. मुलगी बेळगावात नोकरी करते आणि मला त्याचं काही वाटत नाही म्हणते. मला वाटतं. मी विसरत नाही आणि क्षमाही करत नाही. ज्यांना जमतं त्यांनी करावी.

उन्हाळ्यातल्या मांडवाला वर नुसतं कापड असतं. पाऊस आला तर गळतं, बास. गारा मात्र गळत नाहीत. त्या कापडात साठतात, कापडाला पोटं सुटतात आणि ते वजन खांबांना आत ओढतं. लोखंडी खांब आत येताना खाली कोण बसलंय ते बघत नाही. म्हणून गारा येणार असं कळलं की छत आधी उतरवायचं, हा आमच्यातला साधा नियम. लॉनच्या मागे जेवणाचा हॉल होता, पक्क्या स्लॅबचा. माणसं तिकडे घालवायची, वीज बंद करायची, दोर सोडायचे. वीस मिनिटांचं काम.

हे मला पाठ आहे आणि तरी मी बसून राहिले. मुलाची आई मोरपंखी शालूत त्या छताखाली फिरत होती, हात वर करून पाहुण्यांना झुंबरं दाखवत होती. मी मनात म्हणत होते, अजून थोडं. खुर्च्या भरू देत. बघायला माणसं हवीत.

साडेपाचनंतर पश्चिमेचं आभाळ कळकलेल्या पितळी भांड्यासारखं हिरवट झालं. माझा जुना कामगार, कानडी माणूस, माझ्या खुर्चीपाशी आला.

“मोड नोड्री, अक्का,” तो म्हणाला. ढग बघा.

“बघितला.”

“छत उतरवायचं?”

“थांब जरा.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. लग्न कुणाचं आहे ते त्यालाही माहीत होतं. तो कोपऱ्यातल्या खांबाशी जाऊन उभा राहिला, एक हात दोरावर ठेवून.

एव्हाना पाहुण्यांनाही दिसायला लागलं होतं. तरुण मंडळी ढगाचे व्हिडिओ काढत होती. एक काका मोबाइल नाकाशी धरून म्हणाले, “वीस टक्केच दाखवतंय.”

“काका, ते वीस हुबळीचे. आपले ऐंशी आहेत,” दुसऱ्याने सांगितलं.

ड्रायव्हर लोकांनी कुणाला न विचारता वऱ्हाडाच्या खोल्यांतल्या गाद्या आणून गाड्यांच्या काचांवर घातल्या. आचाऱ्याने तेलाच्या कढईखालचा गॅस बंद केला आणि वर परात पालथी घातली. फोटोवाल्याने कॅमेऱ्याला साडीच्या खोक्यातली प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. कुणीतरी भटजींना विचारलं, मुहूर्त अर्धा तास अलीकडे घेता येतो का?

“मुहूर्त म्हणजे हुबळीची बस आहे होय,” भटजी म्हणाले, “भरली की सोडायला?”

सगळे हसले. प्रत्येक जण आपापलं झाकत होता, पण डोक्यावरच्या कापडाकडे कुणी बघत नव्हतं. त्यांना तो आडोसा वाटत होता. बाहेर उभे होते तेही थेंबांच्या भीतीने आत येऊन बसायला लागले. एका बाईने दोन खुर्च्या जोडून झोपलेलं तान्हं मूल त्यांवर ठेवलं, बरोबर मधल्या मोठ्या गाळ्याखाली, जिथे पोट सगळ्यात आधी सुटणार होतं. ते बघून मी उठले. घड्याळात पाच चाळीस झाले होते.

सरळ रस्ता असा होता की कंत्राटदाराच्या मुनिमाला बाजूला घेऊन सांगायचं. त्याने ऐकलं असतं. मी तसं केलं नाही. मी मांडवाच्या मधोमध नवऱ्या मुलाच्या आईपाशी गेले आणि तिच्या जावा-नणंदांसमोर मोठ्याने म्हणाले, “वहिनी, मांडव उतरवायला लागेल. गारा येताहेत.”

मला ओळखायला तिला क्षणभर लागला.

“तुम्ही? तुम्हाला कुणी बोलावलं इथं?”

“कुणी नाही. खांब आणि खुर्च्या माझ्या आहेत.”

“तरीच म्हटलं, सकाळपासून एकेक विघ्न का येतंय.”

“विघ्न अळणावरला पडून आलंय. माणसं हॉलमध्ये न्या. वीस मिनिटांत छत खाली घेते, गारा संपल्या की परत बांधून देते.”

“देवक बसलंय या मांडवात,” ती म्हणाली, आणि आता तीही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. “अक्षता पडायच्या आधी कुणी मांडवाला हात लावतं काय? तुमच्यात लावत असतील. तुमच्या घरनं आम्ही सुटलो, आता आमच्या लग्नात आडवं पडायला आलात काय?”

एक नणंद म्हणाली, “वैनी, आभाळ मात्र खरंच…”

“गप गं तू. चार थेंब येतील, जातील.”

ती ऐकणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तिला विचारलं होतं, आणि म्हणूनच चारचौघांत. माझ्या तोंडून आलेली गोष्ट ती कधीच मान्य करणार नव्हती, आणि एकदा सगळ्यांदेखत नाही म्हटल्यावर तिला मागे फिरता येणार नव्हतं. जे काय होईल ते तिच्या नाहीमुळे झालं असतं.

तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं, कुणी खडीचा ट्रक ओततंय. बेलूरच्या कारखान्यांचे पत्रे वाजत होते, एकामागून एक, आमच्या दिशेने. मग पहिली गार कारंज्याच्या कठड्यावर फुटली. वारा आला, कनाती फुगल्या, आणि मधल्या गाळ्यात पांढरं काहीतरी साठताना खालून दिसायला लागलं.

मी वीजवाल्याला हात केला, झुंबरं विझली. “हॉलमध्ये चला! मुलं आधी!” मी ओरडले. मराठीत ओरडले, कानडीत ओरडले. तान्ह्या मुलाला त्याच्या आईने उचललेलं मी बघितलं. लोक धावले. नवऱ्या मुलाची आई धावली नाही. ती स्टेजच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती, “दोराला हात लावायचा नाही! सांगून ठेवते!”

कोपऱ्यातून माझ्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने त्याच्या बाजूचे दोर तोडायला घेतले. स्टेजकडची बाजू मी घेतली. सुरा माझ्या कमरेच्या पिशवीत असतोच. तिच्यापासून चार हातांवर उभं राहून, तिच्याकडे बघत, मी पहिला दोर कापला. मग दुसरा. दोर तुटताना तिचा चेहरा मी नीट बघून घेतला. सोळा वर्षांत असंख्य दोर कापलेत, इतक्या आनंदाने एकही नाही.

छत एका अंगाला खाली आलं, गारांच्या राशीसकट, रिकाम्या खुर्च्यांवर. खांब जागेवर राहिले. कुणाला मोठं लागलं नाही. एका मामांच्या टकलावर टेंगूळ आलं तेवढंच. नंतर लोक म्हणाले, बाईने सहाशे माणसं वाचवली. ती त्यांची समजूत आहे. माणसं हॉलमध्ये धावत होती तेव्हा मला तिचा मांडव खाली आलेला बघायचा होता, अक्षता पडायच्या आधी, आणि तो मी बघितला.

पंधरा मिनिटांत गारा थांबल्या. हॉलमध्ये सगळे ओले, कुणी शर्ट पिळतंय, कुणी गार तोंडात टाकून बघतंय. जेवणाची टेबलं भिंतीला लावून भटजींनी मधे जागा केली होती. मुहूर्ताला अजून अर्धा तास होता. शेजारच्या खोलीत नवरी गौरीहराशी बसलेली होती, हातातल्या अक्षता हातातच. दार उघडं होतं. माझ्या मुलीच्याच वयाची, बारीक अंगाची. आणि मुलाची आई दाराजवळ नणंदेला सांगत होती, आवाज खाली न घेता:

“अजून माप ओलांडलं नाही, तोवर मांडव आडवा झाला. पायगुण बघ की. मी आधीच म्हटलेलं…”

नवरीने मान वर केली नाही. अक्षता धरलेली मूठ मात्र घट्ट झाली.

मी सगळं बघितलं होतं, एवढंच बघितलं नव्हतं. मी पाडलेला मांडव हिच्या नावावर लिहिला जाणार होता. पुढची चाळीस वर्षं घरात दूध नासलं, दुकानात गिऱ्हाईक आलं नाही, कुणी आजारी पडलं, तरी हाच मांडव निघणार होता. मी त्या बाईच्या हातात तिला हवं तेच आयतं आणून दिलं होतं.

मी हॉलच्या मधोमध गेले. सुरा अजून हातातच होता, लोक बाजूला झाले.

“वहिनी,” मी म्हणाले, “मांडव पडला नाही. मी पाडला.”

“ते मला दिसलंय!”

“सगळं नाही दिसलं. अळणावरचा फोन मला सव्वापाचला आला. तेव्हाच सांगितलं असतं तर छत कोरडं उतरलं असतं आणि तुमचा मुहूर्त बाहेर लागला असता. मी मुद्दाम सांगितलं नाही. पंचवीस मिनिटं बसून राहिले. आणि सांगितलं तेही तुम्ही नाही म्हणाल असंच सांगितलं. माझ्या मुलीला तुम्ही पांढऱ्या पायाची म्हणालात, त्याची ही फेड. या पोरीचा काही संबंध नाही. अपशकुन पाहिजे असेल तर माझा घ्या.”

आचारी हातात झारा घेऊन दारात उभा होता. ज्या बाईचं तान्हं मूल होतं तिने माझ्याकडे असं बघितलं, की ते मी इथे लिहीत नाही.

मग मुलाची आई सुरू झाली. चांडाळीण, कैदाशीण, तुझं वाटोळं होईल, मराठीतलं संपलं तेव्हा कानडीत. मी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. तिचा दीर मधे पडला, भटजी घाई करू लागले, आणि सहा बेचाळीसला ओल्या अक्षता त्या दोघांवर पडल्या. मी बाहेर जाऊन खांब मोजायला लागले.

हुबळीच्या कंत्राटदाराने मला परत बोलावलं नाही, त्याचं बरोबर आहे. मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, त्या मांडवात लहान मुलं होती ना?” मी म्हणाले, होती. तिने विषय बदलला. महिनाभर तिचे फोन नेमके आणि छोटे येत होते.

माझ्या धंद्यावर थोडा परिणाम झाला. काही लोक मला मुद्दाम बोलावतात, गारांचं आधी कळतं म्हणून. काही बायका माझ्या सावलीला उभ्या राहत नाहीत. सुभाष रोडवर अजून सांगितलं जातं की एक कैदाशीण आली आणि तिने लग्नाचा मांडव कापला. ते खरंच आहे.

पण माणसाचा राग किती टिकेल याचा भरवसा नसतो. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, की आठवण धूसर होते आणि बोट जवळच्या माणसाकडे वळतं. म्हणून मी अधूनमधून त्या दुकानात जाते. अस्तराचं कापड मागते. सून गल्ल्याच्या बाजूला गजाने कापड मोजत असते. सासू मला बघते, तांबडी होते आणि सुरू होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आलेल्या गिऱ्हाइकांना धरून. त्यात सुनेचं नाव कुठे येत नाही. मी शेवटपर्यंत थांबते, अस्तर घेते आणि निघते. पुढची खेप दिवाळीच्या आधी करायची आहे.