काळ्या बिस्किटातला सातवा जिन्नस

बाळीवेशीच्या मागच्या बोळात दाक्षायणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकत असे. सगळा बोळ तिला अक्का म्हणे, मीही म्हणत असे. गेल्या भाद्रपदात, म्हणजे सत्त्याहत्तर साली, ती वारली. तिच्याविषयी लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत जे घडलं त्यात माझाही हात आहे, आणि तो किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी एका गिरणीच्या भांडार विभागात मुख्य कारकून आहे. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. वाणिज्य शाखेचा पदवीधर. कागद पाहिल्याशिवाय कुणाला उत्तर द्यायचं नाही ही तीस वर्षांची सवय आहे आणि आजवर तिचा मला फायदाच झाला होता.

अक्काचं घर आमच्या समोरचं. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. होटगीला रेल्वेत कामाला असलेला शरणप्पा हा भाचा एवढंच जवळचं माणूस. पहाटे चारला तिची चूल पेटायची. मालदांडी ज्वारीची भाकरी ती इतकी पातळ थापायची की उजेडाला धरली तर पलीकडचं दिसावं. मग ती भाकरी चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक करायची. मुंबईला निघालेली माणसं स्टेशनवर जायच्या आधी तिच्या दाराशी थांबत.

तिच्याकडे दोन उखळं होती. एकात लसूण घातलेली चटणी कुटायची, दुसऱ्यात बिनलसणाची. ही दुसरी नवी पेठेतल्या तीन-चार जैन घरांसाठी. एकदा मदतीला येणाऱ्या नागव्वानं चुकून लसणाच्या उखळातलं मुसळ दुसऱ्या उखळात घातलं. अक्कानं ती सगळी चटणी नागव्वाला देऊन टाकली, उखळ गरम पाण्यानं तीनदा धुतलं आणि उन्हातान्हात नवी पेठेत जाऊन सांगून आली की आज चटणी मिळणार नाही. नागव्वा म्हणाली, "अक्का, कुनाला कळलं असतं?" अक्का म्हणाली, "मला कळलंय की."

अक्का लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग रोज अंघोळीनंतर डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायची. जे काही खायचं ते आधी लिंगाला दाखवायचं, मगच तोंडात. घोटभर चहासुद्धा तिनं न दाखवता घेतला नाही.

शहात्तरच्या दिवाळीनंतर तिला पोटाचा अल्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, तिखट बंद, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे. पण पोटात काही ठरेना. पेज उलटायची, दूध उलटायचं, स्वतःची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तर तीही उलटायची. महिन्याभरात बाई अर्धी झाली. तेव्हा शरणप्पानं चॉकलेटच्या बिस्किटांचा पुडा आणला. एका मोठ्या कंपनीची, न्याहारीची म्हणून विकली जाणारी बिस्किटं. तांबडा चकचकीत कागद, वर उगवता सूर्य आणि वाफाळता कप. अक्कानं एक बिस्कीट दुधात बुडवून खाल्लं. ते राहिलं. दुसरं खाल्लं, तेही राहिलं. डॉक्टर हसले. "पोटात राहतंय ना? मग तेच द्या. कारण विचारू नका."

पाच महिने ती त्या काळ्या बिस्किटांवर जगली. अंगावर मांस धरलं. चैत्रात तर ती पुन्हा चुलीपुढे बसायला लागली.

वैशाखातल्या एका रविवारी ती पुडा घेऊन आमच्या ओट्यावर आली. मागोमाग नागव्वा.

"अण्णा, ह्यावर काय लिवलंय जरा वाचा की. ही नागी म्हनती, बिस्किटात अंडं घालत्यात."

"मी न्हाय म्हनत, माझा दीर म्हनतोय," नागव्वा म्हणाली. "बेकरीत होता न्हवं त्यो? म्हनला, केकात घालत्यात, मग बिस्किटानं काय पाप केलंय?"

"तुज्या दिराला बेकरीतनं हाकललंय, म्हून जळतोय त्यो. वाचा अण्णा."

कागदाच्या घडीत बारीक इंग्रजी अक्षरांत यादी होती. मी चष्मा पुसून एकेक वाचायला लागलो.

"मैदा."

"व्हय."

"साखर."

"ती जिभंला कळतीय."

"वनस्पती तूप. मग कोको."

"त्यो कोन?"

"एका झाडाच्या बिया असतात. भाजून दळतात."

"म्हंजी आपल्या शेंगदान्यावानी. असू दे."

"दुधाची भुकटी. मीठ. लेसिथिन."

"त्ये काय?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणालो.

"फुडचं वाचा, मग मागं येऊ."

"खायचा सोडा. परवानगी असलेला रंग."

"कुनाची परवानगी?"

"सरकारची."

"बघ नागी. खानार मी, अन् परवानगी सरकारची!"

आम्ही तिघंही हसलो. शेवटी कृत्रिम सुवास होता, तो तिनं सोडून दिला. मग म्हणाली, "आता मागं या. त्यो सातवा जिन्नस."

तिनं मोजलं होतं.

त्या वेळी "पीठ मऊ राहायला घालतात काहीतरी" एवढं म्हणून मी मोकळा झालो असतो, तर ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हणालो, "उद्या ऑफिसात पाहून सांगतो."

ऑफिसातल्या शब्दकोशात त्या शब्दापुढे एकच ओळ होती: अंड्याच्या पिवळ्या बलकात सापडणारा एक स्निग्ध पदार्थ. मी ती चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि संध्याकाळी अक्काला जशीच्या तशी मराठीत सांगितली. सांगताना काही वाटलं नाही. विचारलेल्याचं उत्तर मिळालं होतं, ते मी दिलं.

अक्का भाकऱ्या मोजून फडक्यात बांधत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी अंडंच की."

"अंडं नव्हे अक्का, त्यातला एक—"

"पिवळ्या बलकात म्हनलासा न्हवं?"

तिचा हात गळ्यातल्या करंड्यावर गेला. "अय्यो शिवने," ती हळूच म्हणाली. "पाच म्हैनं दावलं मी ह्याला. रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ."

दुसऱ्या दिवशी ती मठात जाऊन आली. स्वामी समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, अजाणता घडलं, त्यात दोष नाही, विभूती लाव आणि विसरून जा. हे ऐकून मला हायसं वाटलं.

"मग आता खायला हरकत नाही," मी म्हणालो.

"अजानता घडलं म्हून सुटले, अण्णा. आता मी जानती झाले की."

आठ दिवसांत उलट्या परत सुरू झाल्या. मी बाजारात हिंडून दुसऱ्या दोन कंपन्यांचे पुडे आणले. एकावर लेसिथिन नव्हतं, पण "परवानगी असलेले मिश्रणकारक पदार्थ" असं मोघम लिहिलं होतं. दुसऱ्यावर तेही नव्हतं. अक्कानं तो पुडा हातात घेतला, उलटसुलट केला.

"त्यांनी आत घातलंय त्ये समदं ह्या कागदावर लिवलंय, कशावरनं?"

तरी माझा आग्रह म्हणून तिनं त्यातलं एक लिंगाला न दाखवता तोंडाजवळ नेलं आणि खाली ठेवलं. न दाखवता खाणं तिला जमेना, आणि दाखवायचं धाडस होईना. "ब्याड, अण्णा, ब्याड," असं कानडीत नको-नको म्हणत तिनं पुडा माझ्याकडे सरकवला.

मग मला जे आधी करायला हवं होतं ते मी केलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी माझी चिठ्ठी पाहून कपाळाला हात लावला. "अहो, हा कोश कुठल्या जमान्यातला! लेसिथिन अंड्यात असतं तसं सोयाबीनमध्ये असतं, शेंगदाण्यातही असतं. कारखान्यात आता सोयाबीनचंच वापरत असावेत, ते स्वस्त पडतं. पण या कंपनीनं कुठलं वापरलंय ते कंपनीलाच ठाऊक."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं. शेंगदाण्याचं नाव ऐकून तिचा चेहरा खुलला.

"शेंगदान्याचं हाय म्हनता?"

"बहुतेक सोयाबीनचं असेल."

"बहुतेक?" ती माझ्याकडे बघत राहिली. "नवी पेठेतल्या बाईनं मला इचारलं, चटनीत लसूण हाय का, अन् मी म्हनलं, बहुतेक न्हाय. तर ती घिल का?"

त्याच रात्री मी कंपनीला पत्र लिहिलं. नावानिशी, पुड्यावरचा क्रमांक घालून, एका आजारी बाईचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहून. पंधरा दिवसांनी आठवणीचं पत्र. मग रजिस्टर पत्र. ज्येष्ठ गेला, आषाढ संपत आला. अक्काची चूल बंद पडली. ताकाचं पाणी आणि भाताची निवळ एवढं कसंबसं राहायचं, तेही रोज नाही. शरणप्पा रजा काढून येऊन राहिला. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर आलं. टंकलिखित, चार ओळी. आमच्या उत्पादनात नियमानुसार परवानगी असलेलेच घटक असतात. ते पुरवठादारांकडून वेळोवेळी घेतले जातात, त्यामुळे त्यांच्या मूळ स्रोताविषयी माहिती देणं शक्य नाही, दिलगीर आहोत. आपला विश्वासू.

मी ते दोनदा वाचून टेबलावर ठेवलं. माझी बायको सारजा म्हणाली, "अक्कांना इंग्रजी येतंय का? सोयाबीनचं हाय असं कंपनीनं लिहिलंय म्हणून सांगा. जगतील तरी."

"खोटं सांगू?"

"खरं सांगून काय केलंत ते दिसतंयच की."

पत्र घेऊन मी समोर गेलो.

अक्का घोंगडीवर पडून होती. शरणप्पा पायाशी बसला होता. "कंपनीचं पत्र आलं," मी म्हणालो. "सोयाबीनचंच आहे. तसं लिहून दिलंय त्यांनी."

शरणप्पा उठूनच उभा राहिला. "मावशे! ऐकलंस का? आत्ता पुडा आनतो."

"थांब रं," अक्का म्हणाली. "अण्णा, त्ये इंग्रजीत हाय तसं वाचा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"वाचा की. कानावर पडू दे."

मी वाचलं. चारही ओळी, जशा होत्या तशा. तिथंच काहीतरी घुसडायचं मला सुचलं नाही. वाचायला कागद हातात असला की मी त्यावर आहे तेच वाचतो.

अक्का डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले.

"सोयाबीन कुटं म्हनलासा तुमी?"

मी पत्राची घडी घालत राहिलो. शरणप्पा माझ्याकडे पाहत होता.

"अण्णा," ती म्हणाली, आणि तिला थोडं हसू आलं, "तुमाला न्हाय जमत त्ये. नगा करू."

श्रावण कसाबसा निघाला. भाद्रपदाच्या सुरुवातीला तिला रक्ताची उलटी झाली आणि शरणप्पानं तिला दवाखान्यात नेलं. मी ऑफिस सुटल्यावर रोज जात असे. पहिल्या दिवशी सलाईनची बाटली लावायला आले तर तिनं हात मागे घेतला आणि मला शोधू लागली. नर्स वैतागली. मी बाटलीवरचं वाचलं. पाणी, मीठ, साखर. "एवढंच?" "एवढंच." मग तिनं हात पुढे केला. त्यानंतर प्रत्येक बाटली, प्रत्येक गोळी ती मला आधी वाचायला लावायची. मी नसलो तर थांबून राहायची. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही रजाच घ्या आता." मी घेतली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त भरून यायला इंजेक्शनं लिहून दिली. शरणप्पा पेटी घेऊन आला. नर्सनं पेटी फोडून आतली काचेची कुपी काढली आणि सुईत भरायला घेतली. अक्कानं मान वळवली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काय हाय त्यात, अण्णा?"

पेटी माझ्या हातात होती. तिच्यावर दोन ओळी होत्या. वरची ठळक अक्षरांत: लिव्हर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जनावराच्या यकृताचा अर्क. खालची लहान अक्षरांत: बी कॉम्प्लेक्स. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की याशिवाय आता दुसरं काही हातात नाही, आणि यानंही काही होईल असं नाही.

"बी कॉम्प्लेक्स," मी म्हणालो. "शक्तीचं असतं."

"वाचलासा?"

"वाचलं."

मी तिच्या नजरेला नजर द्यायची तयारी केली होती. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं नर्सपुढे हात पसरला.

"टोच बाई," ती म्हणाली. "अण्णानं वाचलंय."

तशी तीन इंजेक्शनं झाली. चौथं भरायची वेळ आली नाही.