गाडी नंबर : पायी
नव्या रबराचा वास आला की मला आमच्या कारखान्याचं गेट आठवतं. नव्या पद्धतीप्रमाणे आम्ही साठा ठेवत नसू; सकाळी धायरीहून आलेल्या रबरी रिंगा दुपारी स्कूटरना लागत. एकदा टेम्पो वाटेत बंद पडला आणि पन्नाशीचा ड्रायव्हर खोकं डोक्यावर घेऊन उन्हातून चालत आला. वॉचमन म्हणाला, "मालाच्या चलनावर गाडीचा नंबर आहे. गाडीशिवाय आत कसं सोडू?" ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला, "गाडी पुलावर हाय. पन तुमचं काम थांबाया नगं." मी स्टोअरचा कारकून, नंबर खोडून 'पायी' लिहिलं आणि खोकं घेऊन आत पळालो. काम थांबलं नाही. आता मोबाइलवर प्रत्येक गाडी कुठवर आली ते दिसतं, आणि दर वेळी आठवतं, त्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.