कायम

आमच्या शेजारच्या जनीकाकीला एकच शब्द सोन्यासारखा वाटायचा : कायम. आमच्याकडे कंत्राटी माणसं कोर्टात भांडूनच कायम होतात. तिचा नवरा न्हावा शेवा बंदरात कंत्राटावर राबत राहिला, कायम झालाच नाही. मुलगा निकेत जहाजावर खलाशी लागला. अमेरिकेच्या बंदरात त्या जहाजात कोकेन सापडलं आणि तिथल्या फेडरल कोर्टाने त्यालाही शिक्षा ठोठावली. मग अपील झालं. तिथल्या कायदेपंडितांचे लेख मी मोबाइलवर वाचून काकीला सांगायचे. एकाने लिहिलं होतं, ‘प्रकरण रंजक आहे.’ रंजक! मेल्या, तुझा पोर आत असता तर?

काल निकाल आला. मी म्हटलं, “काकी, वरच्या कोर्टाने कायम केली...” ‘शिक्षा’ हा शब्द अजून उच्चारायचाच होता. तेवढ्यात तिने देवापुढे साखर ठेवली, चिमूटभर माझ्या तोंडात घातली. “बापाला जमलं न्हाय, पोरानं केलं गो!”

तोंडातली साखर विरघळायच्या आत मी तिला खरं सांगितलं.  मग ती हळूच म्हणाली, “पण कायम मानसाला गावाला यायला रजा मिलते ना?”