तातोनं देऊन टाकलेलं नाव

दुकानातल्या टीव्हीवर एलिहियो मान्सुएता हे नाव झळकलं आणि जमलेली अख्खी वस्ती वळून तातोकडे बघायला लागली. कारण ते नाव तातोचं. आणि टीव्हीवर, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या मैदानात, ते नाव पाठीवर घेऊन चेंडू फेकायला उभा होता तो फ्लाको, तातोचा लहानपणापासूनचा जोडीदार.

"तातो, टीव्हीवर बरा दिसतोस की रे!" डोमिनोच्या टेबलावरून म्हातारा तिबुर्सियो ओरडला. "मग इथंच असा कुत्र्यानं चघळल्यासारखा का?"

सगळे खो खो हसले. तातोही हसला. न हसून करतो काय बिचारा?

आमच्या बटेयात, म्हणजे सान पेद्रोजवळच्या ऊसतोड्यांच्या या वस्तीत, खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. हडकुळा म्हणून तो फ्लाको, आणि बोबडं बोलताना कधीतरी तोंडातून निघालं म्हणून हा तातो. खरं नाव एकदा बाप्तिस्म्याला लागतं आणि एकदा मयताला. मधली सगळी वर्षं ते पेटीच्या तळाशी पडून असतं. फ्लाकोचं खरं नाव काय होतं ते आज विचाराल तर वस्तीत चार जणांत भांडण लागेल.

ऊस तोडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ही दोघं खेळायची. फ्लाकोनं फेकायचं, तातोनं बसून झेलायचं. झेलायचा हातमोजा कुठला आणणार? आईची जुनी उशी फाडून तातो डाव्या हाताला बांधायचा, आणि तरी संध्याकाळी त्याला त्या हातानं चमचा धरवायचा नाही. फ्लाकोचा हात म्हणजे विजेचा होता, त्यात वाद नाही. पण खेळाडू हेरणाऱ्या दलालाच्या नजरेला तो पडला एकोणिसाव्या वर्षी.

"एकोणीस म्हणजे शिळा पाव," दलाल म्हणाला. "अमेरिकन साहेबांना सोळाचा पोरगा लागतो." मग त्याची नजर तातोवर गेली. "तू कितीचा रे? सोळा? मग तुझं नाव दे की याला. तसंही कोण वापरतंय?"

आणि तातो हो म्हणाला. मेल्यानं एका शब्दानं विचारलं नाही की मग मी काय म्हणून जगू! पण उगाच शहाणपणा कशाला करा, आमच्यातला कुणीही हो म्हणाला असता. पडून राहिलेली वस्तू दोस्ताच्या कामी येते आहे, तर द्यायची. फ्लाकोची आई तो लहान असतानाच गेलेली. तातोची आई एनेरिया फ्लाकोचा हात धरून सरकारी कचेरीत गेली, हा माझा मुलगा एलिहियो म्हणाली आणि अंगठा उठवून आली. निघताना फ्लाको तातोच्या गळ्यात पडून रडला. "मोठ्या लीगला पोचू दे फक्त. तिथवर गेलेल्याला कुणी हाकलत नाही. सगळं खरं सांगतो आणि तुझं नाव तुला परत."

तातो ऊस तोडत राहिला आणि वाट बघत राहिला. त्याला एक मुलगी झाली, यारीसा. तिची आई हैतीकडून आलेल्या मजुरांची पोर, तिच्याकडे जन्मापासूनच कागद नव्हता. म्हणजे पोरीची नोंद व्हायची तर बापाच्याच नावावर. तातो कचेरीत गेला. तिथल्या यंत्रावर बोटं टेकवली तर बाई म्हणाली, "या नावाच्या माणसाची बोटं आणि फोटो आमच्याकडे आधीच आहेत. तुम्ही कोण?" नोंद नाही म्हणजे पोरगी पुढे परीक्षेला बसणार नाही, दवाखान्यात तिचं नाव लागणार नाही, मोठी झाली की तीही बापासारखीच अधांतरी. हे सगळं त्याला त्या खिडकीसमोर उभ्या उभ्या कळलं.

म्हणून त्या रविवारी दुकानात तातोइतकं जीव मुठीत धरून कुणी बसलं नव्हतं. फ्लाकोनं सामना जिंकून दिला. वस्तीनं पातेली बडवली. मग कुणीतरी फ्लाकोपुढे माइक धरला, आणि तातो खुर्चीवरून अर्धा उठला. आता सांगेल.

"आई, आशीर्वाद दे!" फ्लाको कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "माझी आई, एनेरिया! हे सगळं तुझ्यासाठी!"

आमच्याकडे लेकरानं आशीर्वाद मागितला की द्यावाच लागतो, तोंडात घास असला तरी. एनेरियाच्या तोंडून आपसूक निघालं, "देव तुझं भलं करो, पोरा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तातो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लाकोचाच फोन आला.

"लेका, आता नको. एवढा हंगाम जाऊ दे."

"पोरगी सहा वर्षांची झाली, फ्लाको."

"ठाऊक आहे रे मला. पण आत्ता तोंड उघडलं तर विमानात घालतील, परत पाय ठेवू देणार नाहीत."

"पोचलेल्याला हाकलत नाहीत, तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तेव्हा मला काय कळत होतं?" फ्लाको रडायला लागला. आणि तातोचं कपाळ असं, की त्यालाच उलट समजूत घालावी लागली.

आठवडाभरात लीगनं नेमलेला चौकशीचा साहेब राजधानीहून आला. कुणीतरी कुजबुजलं असणार. वस्तीचं सगळं पाठ होतं: फोटो दाखवला की ‘हा एलिहियो, दोन्या एनेरियाचा’ एवढंच म्हणायचं. परक्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो, तसं. पण तातोनं सकाळीच आईला सांगून टाकलं होतं, "मी आज खरं बोलणार. यारीसासाठी." एनेरिया केळी सोलत राहिली.

साहेब खुर्ची ओढून बसला. "दोन्या, हा फोटोतला तुमचा मुलगा?"

"हो."

"आणि हे कोण?" त्यानं तातोकडे बोट केलं.

तातोनं तोंड उघडलं, तेवढ्यात एनेरिया म्हणाली, "हा तातो. तोडणीला आलेल्या कुणाचा तरी पोर. आईबाप मेले, मी भाकरतुकडा घातला. माझ्या पोटचा एकच, तो टीव्हीवरचा."

साहेब उठून गाडीकडे निघाला. तातो त्याच्यामागे धावत सुटला.

"साहेब! एलिहियो मान्सुएता मी आहे!"

साहेबानं त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "अरे बाबा, पोरगा मोठा झाला की प्रत्येक वस्तीत असं म्हणणारा एक तरी निघतोच. त्या दोन्यांना म्हणू दे ना. त्या म्हणाल्या, तर लगेच मान्य करतो. मात्र कचेरीत खोटा अंगठा दिला म्हणून त्यांना आत जावं लागेल, हेही सांगून ठेवतो."

तातोनं मागं वळून बघितलं. एनेरिया दाराची चौकट धरून उभी होती. यारीसा तिच्या झग्याला बिलगली होती.

"मस्करी केली, साहेब," तातो म्हणाला.

"असली मस्करी बरी नव्हे," म्हणत साहेब गाडीत बसला.

धूळ खाली बसायच्या आत तिबुर्सियोनं येऊन तातोची पाठ थोपटली. "वाचवलंस रे वस्तीचं नाक!" मग दुकानात गाणी लागली.

तातो घरात आला तेव्हा एनेरिया चुलीपाशी बसून रडत होती. "तुला आत टाकलं असतं रे, आणि मलाही," ती म्हणाली. "मग पोरीकडे कोणी बघितलं असतं? मला माफ कर, पोरा."

तातोनं तिच्याकडे पाहिलं.

"कुणाला म्हणताय, दोन्या?" त्यानं विचारलं.