गुडघ्याची वाटी आणि एकवीस मोदक

"हाड जुळलं ना, मग आता कसलं दुखणं?" असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या प्रत्येकाला एकदा पाखाडीवर गुडघ्यावर आपटवावं असं मला अजून वाटतं. वाटू दे. मी काही संत नाही.

ही पाखाडी म्हणजे आमच्या घरामागची जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. वरच्या वाडीत माझं माहेर. आईला आता चालवत नाही, म्हणून रोज दुपारी मी तिला जेवण घेऊन जायची. आषाढात शेवाळावरून पाय सटकला नि सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला. वाटीचे दोन तुकडे! रत्नागिरीत ऑपरेशन करून ते तारेने बांधले. मला एकच घोर होता, पुन्हा आईकडे चढून जाता येईल ना?

पुढे पालीला एक्स-रे काढला. "तू कशाला हेलपाटा घालतेस?" म्हणत आमचे हे एकटेच तो रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवून आले. म्हणाले, "हाड जुळलं. आता काळजी नाही." मी देवापुढे साखर ठेवली.

मग गणपती आले. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात, जमिनीवर बसूनच. तिथे खुर्ची न्यायची नाही. मी विळीवर बसून नारळ खवले, उकड मळली, मोदक वळले. गुडघ्यात वाळू भरल्यासारखं करकरत होतं. उठायला गेले तर उठवेना, दोघींनी धरून उभं केलं. मुंबईहून आलेली धाकटी जाऊ हसून म्हणाली, "वहिनी, एक्स-रे तर छान आला म्हणे. कामाच्या वेळेलाच बरं दुखतं!" आरती चालू होती म्हणून वाचली ती.

गणपती गेले तेव्हा गुडघ्याचा भोपळा झाला होता. या वेळी मी स्वतः डॉक्टरांसमोर बसले. ते वैतागलेच. "जमिनीवर बसू नका म्हणून सांगितलं होतं ना?" मग नीट समजावलं. वाटीच्या मागे गुळगुळीत थर असतो, कूर्चा. पडले तेव्हा तोही खरवडला गेला. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, त्यांनी ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांनी पाहिला होता. हाड जुळतं, कूर्चा तशी भरून येत नाही. मांडी घालून किंवा उकिडवं बसलं की वाटी तिथेच दाबली जाते. खुर्चीत बसायचं, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करायचा, चढण अगदी हळूहळू वाढवायची. "ह्यांना सगळं सांगितलं होतं मी," ते म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर म्हणतात कसे, "गणपती झाले की सांगणारच होतो गो. आधी सांगितलं असतं तर तू बसली असतीस का? मोदक कोणी केले असते?"

अरे वा! म्हणजे विसरले नव्हते. माझा गुडघा एका पारड्यात नि एकवीस मोदक दुसऱ्या पारड्यात घालून हा माणूस गप्प बसला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदाच्या गणपतीत मी स्वयंपाकघरात सरळ लाल प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. "सोवळं?" हे पुटपुटले. मी विळी त्यांच्यापुढे सरकवली. नारळ ह्यांनी खवले.

पाखाडी मात्र मला अजून अर्धीच चढवते. जेवणाचा डबा हेच वर नेतात. मी मधल्या वळणावर थांबून हाक मारते, "आये!" वरच्या पडवीतून आवाज येतो, "कधी येतेस गो?"

"तुझ्या जावयाला विचार!" मी ओरडते.